बॅटरीच्या कंपनीत पैसा लावावा काय?

बॅटरी बनवणाऱ्या कंपन्यांचे शेअर हा विषय आता मुंबई-पुण्याच्या दलालांपुरता राहिलेला नाही. मानोरा, दिग्रस, कारंजा येथील बाजारात बसणारा तरुण दुकानदारही गिऱ्हाईक नसले की मोबाईलवर भाव पाहत असतो. पोहरादेवीला रामनवमीच्या यात्रेत माल घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यातही हा विषय निघतो. सर्वांचा सवाल एकच असतो: उद्या सगळ्या गाड्या बॅटरीवर चालणार, मग बॅटरी बनवणाऱ्याचा शेअर घेतला तर नुकसान होईलच कसे?

सवाल वरवर सरळ दिसतो, पण त्यात दोन वेगळे सवाल मिसळलेले आहेत. बॅटरीचा माल खपेल काय, हा पहिला. तो माल बनवणाऱ्या अमुक कंपनीच्या हिस्सेदाराला, आजच्या भावाने हिस्सा घेऊन, मुनाफा होईल काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर 'होय' असले म्हणजे दुसऱ्याचेही 'होय' असते, असे मुळीच नाही. हा फरक न समजल्यामुळे अनेकांची भांडवले बुडाली आहेत. म्हणून आज या विषयाचा सविस्तर विचार करू.

माल खपणार, यात शंका नाही

आपल्याच भागातील उदाहरण घ्या. पोहरादेवीच्या यात्रेत एके काळी दुकानांवर गॅसबत्त्या जळत. मग जनरेटर आले. त्यांचा आवाज आणि डिझेलचा खर्च दुकानदाराच्या डोक्यावर. आता बॅटरीवर चालणाऱ्या एलईडी दिव्यांत रात्रीचा धंदा होतो. गावातील शिंप्याच्या दुकानात इन्व्हर्टर आहे आणि शहरांत बॅटरीच्या रिक्षा धावतात. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवीला बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पंतप्रधानांच्या त्याच दौऱ्यात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतील एकूण १९ मेगावॉटच्या पाच सौर प्रकल्पांचे लोकार्पणही झाले. सूर्य मावळला की सौर वीज बंद होते. दिवसाची वीज रात्री वापरायची तर ती साठवावी लागते. तेव्हा बॅटरीची मागणी वाढणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

परंतु मागणी वाढली म्हणजे प्रत्येक कारखानदार श्रीमंत होतो, असे असते तर कापडाच्या धंद्यात कोणीच गरीब राहिला नसता. कापड तर प्रत्येकालाच लागते!

सेल म्हणजे कापड, पॅक म्हणजे शिवलेला कपडा

कंपनीची पारख करण्यापूर्वी मालाची पारख हवी. आपल्या इन्व्हर्टरची आणि ट्रॅक्टरची बॅटरी बहुधा शिशाच्या पट्ट्यांची आणि तेजाबाची असते. ती स्वस्त, भरवशाची आणि दुरुस्त होणारी, पण वजनदार. मोबाईल, स्कूटर आणि मोटारीत लिथियमची बॅटरी असते. ती हलकी असून थोड्या जागेत जास्त वीज साठवते.

लिथियमच्या धंद्यात दोन पायऱ्या आहेत. पहिली सेल बनवण्याची. सेल म्हणजे खरी बॅटरी. तिच्यात रसायन, अतिशय पातळ धातूचे पत्रे, धूळ आणि दमटपणा नसलेले कारखाने आणि हजारो कोटींचे भांडवल लागते. दुसरी पायरी पॅक बनवण्याची. तयार सेल एकत्र जोडायचे, त्यावर नियंत्रण करणारे सर्किट बसवायचे आणि डब्यात बंद करायचे. आपल्या धंद्याच्या भाषेत सांगायचे तर सेल म्हणजे गिरणीत विणलेले कापड आणि पॅक म्हणजे शिवलेला कपडा. आपल्या देशात 'आम्ही लिथियम बॅटरी बनवतो' असे सांगणाऱ्या बऱ्याच कंपन्या शिंपीकाम करतात. कापड चीनहून येते. शिंपीकाम वाईट नाही, पण गिरणीचा भाव देऊन शिंप्याचे दुकान कोणी विकत घेत नाही.

एक्साइडचा धडा

एक्साइड हे नाव प्रत्येक गॅरेजवर लिहिलेले असते. कंपनी कोलकात्याची, पण महाराष्ट्राशी तिचे नाते जुने आहे. चिंचवडचा कारखाना १९६९ सालचा. १९९८ मध्ये स्टँडर्ड बॅटरीजचे तळोजा आणि कांजूरमार्ग येथील कारखाने तिने घेतले. अहमदनगरलाही (आताचे अहिल्यानगर) तिचा कारखाना आहे. धंदा मुख्यतः शिशाच्या बॅटरीचा.

मार्च २०२२ मध्ये या कंपनीने चीनच्या एसव्होल्ट कंपनीशी तंत्रज्ञानाचा करार केला आणि बंगळुरूजवळ लिथियम सेलचा कारखाना उभारण्याचे ठरवले. ८ एप्रिल २०२४ रोजी ह्युंदाई आणि किया या मोटार कंपन्यांशी सेल पुरवण्याबाबत सामंजस्य करार झाल्याची बातमी आली. बाजारात एकच तेजी उठली. महिन्याच्या सुरुवातीला सव्वातीनशेच्या आसपास असणारा शेअर जून २०२४ मध्ये सहाशे वीसपर्यंत पोहोचला. त्यानंतर तो उतरू लागला आणि मार्च २०२५ मध्ये चारशेच्या खाली होता.

आता वही उघडून हिशोब पाहू. मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षात मूळ कंपनीचा निव्वळ नफा सुमारे १,०५३ कोटी रुपये होता. मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात तो सुमारे १,०७७ कोटी झाला. म्हणजे दोन्ही वर्षांचा नफा जवळपास सारखाच. बंगळुरूच्या कारखान्यात तीन हजार कोटींहून अधिक रक्कम गेली, पण सेलचे मोठे उत्पादन सुरू होण्याची तारीख पुढे सरकत राहिली. दुकान तेच, गल्ला तोच. भाव मात्र एका वर्षात दुप्पट होण्याच्या बेतास आला आणि पुन्हा जवळजवळ जागेवर आला.

कंपनीचे ८५ कोटी शेअर आहेत. १,०५३ कोटी नफा त्यांवर वाटला तर एका शेअरच्या वाट्याला सुमारे १२ रुपये ४० पैसे येतात. सव्वातीनशेला शेअर घेणाऱ्याने २६ वर्षांच्या नफ्याइतकी किंमत मोजली, सहाशे वीसला घेणाऱ्याने ५० वर्षांच्या. वर्षाला एक लाख निव्वळ देणारे दुकान कोणी पन्नास लाखांना विकायला काढले तर आपण काय म्हणू? आपण विचारू की उरलेली रक्कम कशाची? विकणारा म्हणेल, 'शेजारी नवा माळा बांधतो आहे, तो चालला की पाहा.' माळा चालेलही; पण तो बांधून होण्यापूर्वीच त्याची पूर्ण किंमत आपण दिली, तर तो चालल्यावर आपल्याला उरले काय? आणि न चालला तर?

यात कंपनीने कोणाची फसवणूक केली, असा अर्थ काढू नये. तिने बातमी दिली. तिच्यावर मनोरे घेणाऱ्यांनी बांधले.

अशीच गोष्ट ओला इलेक्ट्रिकची. स्कूटर बनवणाऱ्या या कंपनीने तमिळनाडूत कृष्णगिरीला सेलचा कारखाना काढला. ऑगस्ट २०२४ मध्ये तिचा शेअर ७६ रुपयांनी विक्रीस आला, त्याच महिन्यात दीडशेच्या वर गेला आणि मार्च २०२५ पर्यंत साठच्याही खाली आला. दीडशेला घेणाऱ्याने 'देशी सेल' ही दोन शब्दांची आशा घेतली होती.

पुण्याचे सोडियम आणि चीनचे लिथियम

दुसरे उदाहरण पुण्याचे. केपीआयटी टेक्नॉलॉजीज ही मोटारींसाठी सॉफ्टवेअर बनवणारी नामवंत कंपनी. १३ डिसेंबर २०२३ रोजी तिने सोडियम-आयन बॅटरीचे तंत्रज्ञान जाहीर केले. पुण्याच्याच आयसर संस्थेतील संशोधकांसोबत अनेक वर्षे त्यावर काम झाले होते. सोडियम म्हणजे खाण्याच्या मिठातला घटक. आपल्याकडे तो मुबलक आहे. लिथियमसाठी मात्र दुसऱ्यांच्या दाराशी जावे लागते. काम अभिमानास्पद आहे, यात वाद नाही. कंपनी स्वतः सेलचा कारखाना काढणार नव्हती. तंत्रज्ञान दुसऱ्यांना देणार होती आणि २०२४ मध्ये ट्रेंटार एनर्जी सोल्युशन्सशी तसा करारही झाला.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहा. सोडियमची सर्वांत मोठी खुबी कोणती? लिथियमपेक्षा स्वस्त पडण्याची. नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये लिथियम कार्बोनेटचा भाव टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेला होता. तेव्हा सर्व जग पर्याय शोधत होते. पण २०२३ च्या डिसेंबरात तोच भाव एक लाख युआनच्या आसपास उतरला. ज्याच्याशी स्पर्धा करायची तो मालच इतका स्वस्त झाला की नव्या मालाची धार बोथट झाली. पुण्याच्या शास्त्रज्ञांचा यात काही दोष नाही, पण भाव त्यांच्या हातात नव्हता. अमेरिकेतील नॅट्रॉन एनर्जी ही सोडियम बॅटरीची कंपनी सप्टेंबर २०२५ मध्ये बंद पडली, तर चीनच्या सीएटीएल या बलाढ्य कंपनीने एप्रिल २०२५ मध्ये आपली सोडियम बॅटरी नव्या नावाने बाजारात आणण्याची घोषणा केली. म्हणजे वस्तू तीच. एकाला ती पेलली नाही, दुसरा लिथियमच्या कमाईवर तिला पोसू शकतो.

विदर्भातील कापूसवाल्यांना हे शिकवण्याची गरज नाही. २०२२ मध्ये कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल म्हणून कित्येकांनी कापूस घरात भरून ठेवला आणि शेवटी सात-आठ हजारांनी विकला. गेल्या वर्षीच्या भावावर या वर्षीचा हिशोब बसवला की असे होते.

केपीआयटीबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २०१० मध्ये याच समूहाने भारत फोर्जबरोबर 'रेव्होलो' नावाचा संच जाहीर केला होता. जुन्या मोटारीला तो बसवला की ती पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालावी, अशी कल्पना. वर्तमानपत्रांत मोठी चर्चा झाली, पण बाजारात तो पसरला नाही. तरीही कंपनी बुडाली नाही, उलट वाढली. कारण तिची रोटी सॉफ्टवेअरवर होती. म्हणून तिचा हिस्सा घेणाऱ्याने सॉफ्टवेअरचा धंदा पाहून घ्यावा. बॅटरीच्या बातमीवर घेणारा दुकानातील एक फळी पाहून सगळे दुकान विकत घेतो.

माल जिंकतो, कारखानदार हरतो

आता मुख्य मुद्दा. २०१० मध्ये एक युनिट वीज साठवणारा लिथियम पॅक हजार डॉलरहून महाग होता. २०२४ मध्ये त्याची सरासरी किंमत सुमारे ११५ डॉलर झाली. घेणाऱ्यासाठी ही मेहेरबानी, विकणाऱ्यासाठी कसोटी. दर वर्षी माल सुधारायचा आणि दर वर्षी भाव उतरवायचा! जो शेजाऱ्यापेक्षा स्वस्त बनवू शकत नाही तो चांगला माल बनवूनही बाद होतो.

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या बांधवांनी हे स्वतः भोगले आहे. साध्या यंत्रमागाच्या जागी रेपियर आला, एका दिवसात कितीतरी जास्त मीटर कापड निघू लागले. ज्याने पहिल्यांदा माग बदलला त्याला काही दिवस मुनाफा मिळाला. मग शेजाऱ्याने बदलला, त्याच्या शेजाऱ्याने बदलला आणि वाढलेल्या उत्पादनाने भाव पाडला. यंत्र जिंकले, कापड जिंकले, नेसणारा जिंकला. विणणाऱ्याच्या डोक्यावर मात्र यंत्राच्या कर्जाचे हप्ते राहिले.

बॅटरीत हेच जागतिक प्रमाणावर चालू आहे. स्वीडनच्या नॉर्थव्होल्ट कंपनीचे उदाहरण डोळे उघडणारे आहे. भांडवल आणि कर्ज मिळून तिने सुमारे १५ अब्ज डॉलर उभे केले होते. फोक्सवॅगन, बीएमडब्ल्यू यांसारखे गिऱ्हाईक होते. पण कारखान्यातून ठरलेल्या प्रमाणात, ठरलेल्या दर्जाचे सेल निघेनात. २०२४ मध्ये बीएमडब्ल्यूने सुमारे दोन अब्ज युरोची मागणी रद्द केली आणि १२ मार्च २०२५ रोजी कंपनीने दिवाळखोरी पत्करली. युरोपात बॅटरीच्या गाड्या मात्र आजही विकल्या जात आहेत! गाड्यांबाबतचा अंदाज खरा ठरला आणि पैसा लावणारे बुडाले.

पैसा लावण्यापूर्वी सहा प्रश्न

अशी कोणतीही कंपनी समोर आली की पुढील प्रश्न विचारावेत.

१. कंपनी सेल बनवते की आणलेले सेल जोडते?

२. तंत्रज्ञान तिचे स्वतःचे की परवान्याचे? एक्साइडने एसव्होल्टचे घेतले. जून २०२४ मध्ये अमरराजाने चीनच्या गोशन समूहाशी संबंधित कंपनीचे घेतले. परवाना देणारा उद्या इतरांनाही देऊ शकतो आणि दोन देशांचे संबंध बिघडले तर यंत्रे व तंत्रज्ञ अडू शकतात.

३. माल कोठवर आला आहे: प्रयोगशाळेत, नमुन्यात की रोजच्या उत्पादनात? एक सदरा सुंदर शिवणे वेगळे, रोज हजार सदरे एका मापाचे काढणे वेगळे.

४. गिऱ्हाईक बांधलेला आहे काय? सामंजस्य करार म्हणजे लग्नाची बोलणी, निकाह नव्हे. किती माल, कोणत्या भावाने, केव्हापासून, हे लिहिलेले नसेल तर ती ऑर्डर समजू नये.

५. चीनच्या भावापुढे टिकेल काय? एकटी सीएटीएल २०२४ मध्ये जगातील विजेच्या गाड्यांच्या बॅटरीपैकी एक तृतीयांशाहून अधिक पुरवत होती. सरकारी सवलत किंवा आयात करावर टिकणारा धंदा ती सवलत असेपर्यंतचा. मे २०२१ मध्ये केंद्राने सेलच्या कारखान्यांसाठी १८,१०० कोटींची योजना मंजूर केली, पण ठरलेल्या मुदतीत फारच थोडे कारखाने उभे राहिले.

६. आजच्या भावात किती आशा अगोदरच भरलेली आहे? वर एक्साइडचा केला तसा हिशोब कागदावर करावा. दहावी शिकलेल्यालाही तो जमतो.

सहापैकी तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नसतील तर तो शेअर आपल्यासाठी नाही, असे समजून पुढे चालावे.

हिस्सेदारी आणि सट्टा

शेअर घेणे म्हणजे धंद्यात हिस्सेदार होणे. नफ्यातही वाटा, तोट्यातही वाटा. ही पद्धत आपल्याला नवी नाही. मुदारबत आणि शिरकत यांची बैठक हीच आहे. मुंबई शेअर बाजारात २०१० पासून शरियतच्या निकषांवर निवडलेल्या कंपन्यांचा निर्देशांकही आहे. धंदा कोणता, कर्ज आणि व्याज किती, याची चाळणी तेथे लावली जाते. शंका असल्यास जाणकार आलिमांना विचारावे.

परंतु जवळ नसलेला माल विकणे, सकाळी घेऊन संध्याकाळी फेकणे, उद्या भाव वर जाईल की खाली यावर पैज लावणे, हे हिस्सेदारीत बसत नाही. नाव काहीही द्या, तो जुगार. त्याचा दुनियेतला हिशोबही तेच सांगतो. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, मार्च २०२४ पर्यंतच्या तीन आर्थिक वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. सरासरी माणशी सुमारे दोन लाख. दोन लाख म्हणजे शिवणयंत्रांसह एक छोटे दुकान!

म्हणून तीन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. उधार काढून, दागिने गहाण ठेवून किंवा व्यापाऱ्याचे देणे थांबवून शेअर घेऊ नयेत. सणाच्या मालासाठी लागणारे भांडवल त्यात अडकवू नये. आणि व्हॉट्सॲपवर 'खात्रीचा शेअर' सांगणाऱ्याकडे सेबीचा नोंदणी क्रमांक मागावा. तो क्रमांक सेबीच्या यादीत पडताळावा. ज्याला खरोखर खात्री असते तो गावभर वाटत फिरत नाही.

कारागिराची खरी संधी

आपल्या समाजात बॅटरीचे काम करणारे हात पुष्कळ आहेत. पट्ट्या बदलणारे, तेजाब भरणारे, चार्जिंग करणारे, भंगार घेणारे. बॅटरीच्या कंपन्यांत कोण जिंकेल हे या बांधवांना ठरवायचे नाही. एक्साइड जिंको, अमरराजा जिंको की चीनची कंपनी जिंको, बिघडलेली बॅटरी गल्लीतच येणार आहे.

मात्र काम बदलते आहे. लिथियमचा पॅक शिशाच्या बॅटरीप्रमाणे उघडता येत नाही. चुकीची तार लागली तर आग लागते. सेलचा व्होल्टेज मोजणे, नियंत्रण सर्किट तपासणे, खराब सेल ओळखून वेगळा करणे, हे शिकावे लागेल. भंगाराचा धंदाही नियमांत आला आहे. २०२२ च्या नियमांनुसार जुन्या बॅटरी गोळा करून त्यांचे रीतसर पुनर्चक्रण करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. नोंदणी असलेल्या कारखान्याशी व्यवहार ठेवणारा भंगारवाला टिकेल. नाल्यात तेजाब ओतणारा आज ना उद्या अडकेल आणि तोवर आपल्याच मोहल्ल्याच्या पाण्यात शिसे मिसळेल.

एखाद्या तरुण कारागिराजवळ पन्नास हजार रुपये असतील आणि तो सल्ला विचारत असेल, तर माझे मत स्पष्ट आहे. अगोदर चांगला मीटर, योग्य हत्यारे आणि काही महिन्यांचे शिक्षण घ्यावे. त्या गुंतवणुकीचा भाव कोणत्याही बातमीने पडत नाही. धंदा बसल्यावर, घरखर्च आणि देणी भागवून जी रक्कम उरेल, तिच्यातून सहा प्रश्नांना उतरलेल्या एखाद्या कंपनीचा हिस्सा घ्यावा आणि वर्षातून एकदा तिचा ताळेबंद वाचावा. रोज भाव पाहण्याची गरज नाही. आपल्या दुकानाची किंमत आपण कधी रोज सकाळी शेजाऱ्याला विचारतो काय?